वरच्या फळीवरचा गठ्ठा

१

मे महिन्यातल्या एका रखरखीत दुपारी तत्त्वज्ञान विभागात चोरी झाली.

तत्त्वज्ञान विभागात चोरण्यासारखं असतं तरी काय, असं वसईत कोणीही विचारलं असतं, आणि एरवी ते खरंही होतं. विद्यापीठाच्या उपकेंद्राचा हा विभाग म्हणजे गावातल्या एका इमारतीचा वरचा मजला. खाली केळीच्या व्यापाऱ्याचं गोदाम, वर तीन खोल्या, तीन पंखे, त्यातला एक कायमचा बंद. पण १९९९च्या त्या दुपारी तिथून गेला तो एम.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. सीलसुद्धा न फोडलेला.

मीराची हाक ऐकून, परीक्षेच्या सुपरव्हिजनवरून नुकतीच परतलेली आग्नेस तुस्कानो हातातला चहा तसाच ठेवून धावली. आग्नेस तर्कशास्त्र शिकवायची. वसईतल्याच जुन्या ख्रिस्ती घरातली, पन्नाशीची, जिभेनं तिखट. मीरा तळवडेकर ही विभागातली सगळ्यांत तरुण आणि एकटीच हंगामी प्राध्यापिका. विरारहून यायची, नाकासमोर चालायची, आणि म्हणूनच परीक्षेची सगळी कटकट तिच्या गळ्यात मारलेली होती.

मोठ्या खोलीतलं लोखंडी कपाट सताड उघडं होतं. कपाटात दोनच गठ्ठे असायचे. वरच्या फळीवर न्यायदर्शनाचा, खालच्या फळीवर पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा. ही विभागप्रमुखांनी लावलेली शिस्त वर्षानुवर्षं चालत आलेली होती, आणि ‘आपलं वर, गोऱ्यांचं खाली’ म्हणून पोरं तिची टिंगल करायची. आता न्यायदर्शनाचा गठ्ठा वर, जागच्या जागी होता. त्याच्या वजनानं फळी एका बाजूला जराशी कलली होती. खालची फळी रिकामी होती.

समोरच्या खिडकीतून लख्ख ऊन थेट कपाटावर पडत होतं. आग्नेसनं फळीवरून हात फिरवला. धुळीखेरीज काही नव्हतं.

विभागप्रमुख श्रीरंग पाध्येसर आपल्या खोलीतून आले आणि चौकटीला हात लावून उभे राहिले. कुठला गठ्ठा गेला, असं त्यांनी विचारलं. परेशसरांचा, नीतिशास्त्राचा, असं मीरानं सांगितलं.

“नीट बघून सांगा,” सर म्हणाले.

मीरानं पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा सर जवळच्या बाकावर मटकन बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आग्नेसला त्यांची फार दया आली.

कुलूप फोडलेलं नव्हतं. चावीनंच उघडलेलं होतं. एक चावी सरांच्या टेबलाच्या खणात असायची, आणि त्या खणाला कधीच कुलूप नसायचं. दुसरी काळ्या दोऱ्यात ओवून मीराच्या गळ्यात होती. सगळ्यांचे डोळे त्या दोऱ्याकडेच वळले.

२

पोलीस आले, पंचनामा करून, दोन कप चहा पिऊन गेले. परीक्षेचे कागद गेले म्हणजे त्यांच्या लेखी रद्दीच गेली होती. विद्यापीठानं मात्र चटकन पावलं उचलली. ज्या केंद्रावरून उत्तरपत्रिका गहाळ होतात, त्या केंद्राकडे तपासणीचं काम ठेवायचं नाही असा नियमच होता. त्यामुळे उरलेला न्यायदर्शनाचा गठ्ठा दुसऱ्याच दिवशी मुंबईला रवाना झाला. तो पाध्येसर तपासणार होते. आता भलताच कोणी तपासणार. विभागाची अब्रू गेली ती गेलीच.

विभागानं आपला अहवाल तयार ठेवावा, येत्या एप्रिलमध्ये समिती येऊन निकाल देईल, असंही कळवण्यात आलं. अहवालाचं काम सरांनी आग्नेसकडे दिलं. तुम्ही तर्कशास्त्र शिकवता, भावनेच्या भरात वाहून जाणार नाही, असं ते म्हणाले. आग्नेस फुशारून गेली. त्यांच्याच हाताखाली ती शिकली होती, आणि त्यांचं कौतुक म्हणजे तिला आजही पहिला नंबर आल्यासारखं वाटायचं.

तिनं सुरुवात केली हंसापासून. हंसा विभागातली लेखनिक. मिठागरांच्या बाजूच्या गावातली, आवाज खणखणीत. तिचं टेबल जिन्याच्या तोंडाशीच होतं.

“खालून कोनी आलं नाय, मॅडम,” ती म्हणाली. “मी कुठं हाललेच नाय तिथून. वर होतो ते आपनच.”

म्हणजे चोर घरातलाच. हंसाचीही एक भानगड होती: तिची भाची सुरुची त्याच परीक्षेला बसली होती. भाचीचा पेपर वाईट गेला, आणि मावशीनं गठ्ठाच नाहीसा केला, असं म्हणता येत होतं. आग्नेसनं तसं तोंडावर विचारलं तेव्हा हंसा इतकी दुखावली की तिनं आठवडाभर मॅडमला चहा विचारला नाही.

मग परेश. परेश गुप्ते पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवायचा, एव्हरशाईन सिटीत नव्या फ्लॅटमध्ये राहायचा, आणि या आडगावच्या विभागात आपण कुजतोय हे लपवायचा नाही. गेलेला गठ्ठा त्यालाच तपासायचा होता. त्या दिवशी तो सकाळी बाहेर गेला आणि उशिरानं एक फुगलेली बॅग घेऊन परतला, हे हंसानं पाहिलं होतं. कुठं गेला होतास म्हटल्यावर तो जेवायला गेलो होतो म्हणाला. बॅगेत काय होतं म्हटल्यावर त्यानं विषय बदलला.

शेवटी मीरा. गठ्ठे शेवटचे कधी पाहिले? सकाळी. सगळं ठीक होतं? हो. आणखी काही सांगायचंय? मीरानं मान खाली घातली आणि नाही म्हणाली.

आग्नेसनं पंचवीस वर्षं वर्गावर काढली होती. अभ्यास न करता आलेल्या पोरीची मान कशी खाली जाते आणि काहीतरी लपवणाऱ्या पोरीची कशी, हा फरक तिला चांगला कळत होता.

३

जुलैत ती सरांच्या खोलीत गेली. सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. ती दारात उभी राहिली, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. ती खाकरली, तेव्हा ते म्हणाले, “या, आग्नेसबाई.” मागच्या दिवाळीत त्यांच्या पत्नी सुधाकाकू गेल्यापासून ते असेच हरवल्यासारखे असायचे. वर्गातही पुस्तक उघडत नसत. पोरांनाच वाचायला सांगायचे, ऐकल्यानं कान तयार होतो म्हणायचे.

पाध्येसरांचा विभाग ओळखला जायचा तो पूर्वपक्षासाठी. आपलं मत मांडण्याआधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, तेही लंगडं नाही, त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतकं भक्कम. मगच ते खोडायचं. दर शनिवारच्या वादसभेत जो हे करणार नाही त्याला सर खाली बसवायचे. ही खोड सगळ्यांना इतकी जडली होती की पोरं घरी आईशी भांडतानासुद्धा आधी आईची बाजू मांडायची, आणि आया वैतागायच्या.

“माझं मत असं,” सर म्हणाले, “की चोर बाहेरचा. हंसाबाईंचा डोळा लागला असेल. आता कोणी म्हणेल, बाहेरच्याला चावी कशी सापडली? तर माझा खण उघडाच असतो, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. कोणी म्हणेल, बाहेरच्याला हा गठ्ठा कशाला हवा? तर एखाद्या विद्यार्थ्यानं पाठवला असेल. आणि कोणी याहून भक्कम शंका काढेल. म्हणेल, चोर आतलाच होता, त्याला वरचाच गठ्ठा हवा होता. पण गठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, वरचा खाली आणि खालचा वर, म्हणून त्याच्या हाताला भलताच लागला. पण तेही टिकत नाही. गठ्ठ्यांवर अंगठ्याएवढ्या अक्षरांत नावं होती. भर दुपार होती. डोळे असलेला माणूस चुकेल कसा?”

आग्नेसनं सगळं लिहून घेतलं. एवढ्या दुःखातही माणसाची बुद्धी किती स्वच्छ चालते, याचं तिला नवल वाटलं.

ती बाहेर आली तर हंसा फलकावर विद्यापीठाची सूचना लावत होती. मीरा तळवडेकर यांची पुनर्नियुक्ती चौकशी पूर्ण होईपर्यंत रोखण्यात येत आहे. त्या दोषी ठरल्यास त्यांना कोणत्याही परीक्षेचं वा अध्यापनाचं काम यापुढे देण्यात येणार नाही. नाव ठळक अक्षरांत होतं. मीरा फलकासमोर उभी राहून ते वाचत होती, आणि तिच्या मागे विद्यार्थी उभे होते.

४

नाव खराब व्हायला वसई-विरारमध्ये वेळ लागत नाही. गणपतीपर्यंत ‘ती पेपर चोरणारी’ एवढीच मीराची ओळख उरली होती. तिचं ठरत आलेलं लग्न समोरच्यांनी गोड बोलून लांबणीवर टाकलं. तिचे वडील, निवृत्त कारकून, विरारच्या सोसायटीत संध्याकाळी खाली बसायला जायचे ते थांबले. मीरा मात्र पगार नसताना रोज विभागात येत राहिली. नाही आले तर मीच केलं असं होईल, असं ती आग्नेसला म्हणाली. ती बारीक झाली होती आणि बोलताना सारखी गळ्याला हात लावायची. तिथं आता दोरा नव्हता.

ऑक्टोबरात नीतिशास्त्राची फेरपरीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा सुरुची हंसाच्या टेबलाशी बसून हमसून रडली. पहिला पेपर तिला आयुष्यात कधी गेला नव्हता इतका चांगला गेला होता, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. दुसऱ्या खेपेला जेमतेम पास झाली. असा पेपर कुठली मावशी नाहीसा करेल? आग्नेसनं हंसाची माफी मागितली. हंसानं चहा सुरू केला.

परेशचंही कोडं सुटलं. त्याच महिन्यात त्यानं मुंबईच्या एका कॉलेजची नोकरी लागल्याचे पेढे वाटले आणि कान धरून कबूल केलं.

“मॅडम, सीरियसली सांगतो, त्या दिवशी मी इंटरव्ह्यूला गेलो होतो. बॅगेत मित्राचा सूट होता, यार. सरांना कळलं असतं तर वाट लागली असती.”

आग्नेसनं त्या कॉलेजातल्या ओळखीच्या बाईंना विचारून घेतलं. दुपार उलटेपर्यंत परेश तिथं होता.

त्याच सुमारास बाजारात ती मासे घेत असताना पाध्येसर अगदी शेजारून गेले, आणि तिनं हसून मान डोलवली तरी ओळख न देता पुढे निघून गेले. कोळीण म्हणाली, बायको गेल्यापासून सर कोनाशी बोलत नाहीत. आग्नेसला वाईट वाटलं, पण मनातून थोडा रागही आला. ज्या मुलीची अब्रू टांगणीला लागलीय, तिच्यासाठी त्यांनी विद्यापीठाला एक शब्दही सांगितला नव्हता.

परेश जाताना म्हणाला, “आता उरलं कोण, मॅडम? हंसा नाही, मी नाही. तुम्ही तर नाहीच, सकाळपासून माझ्या जागेवर सुपरव्हिजनला तुम्हीच गेला होता. शेवटी मीराच ना?”

आग्नेसला त्याच्यावर संतापायचं होतं, पण तर्कात खोट सापडेना.

५

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मीरा भेटायला आली. आग्नेसच्या नवऱ्यानं, इग्नेशियसनं, तिला आग्रह करकरून खायला घातलं आणि मग दोघींना बोलायचंय हे ओळखून तो वाडीत केळींना पाणी सोडायला गेला. पायरीवर बसल्या बसल्या मीरा अचानक म्हणाली, “मॅडम, मी तुमच्याशी खोटं बोलले.”

हे ऐकायची आग्नेसला सहा महिने भीती वाटत होती.

“त्या दिवशी सकाळी वरच्या फळीचा एक स्क्रू निसटला होता. न्यायदर्शनाचा गठ्ठा जड, सगळ्यांनी पुरवण्या जोडलेल्या. फळी पडेल म्हणून मी तो खाली ठेवला आणि परेशसरांचा हलका गठ्ठा वर. दुपारी कपाट उघडलं तर वरची फळी रिकामी. मी घाबरले. सील केलेले गठ्ठे नोंद न करता हलवायचे नसतात ना. म्हणून मी आधी न्यायदर्शनाचा गठ्ठा उचलून परत वर ठेवला, आणि मग तुम्हाला हाक मारली.”

आग्नेस भडकली. चौकशीत हे सांगायचं सोडून एवढे महिने पोटात काय म्हणून ठेवलंस, असं तिनं खडसावलं. मीरा रडायला लागली. हात लावला म्हटलं असतं तर चोरी पण हिनंच केली असं सगळे म्हणाले असते, ती म्हणाली, आणि त्यात काही चूक नव्हतं.

“आणखी कोणाला सांगितलंस?”

“कोणालाच नाही. बाबांनाही नाही. आज पहिल्यांदा तुम्हाला.”

आग्नेसनं तिला कुशीत घेतलं. मुलगी खरं बोलत होती. पण त्यानं फायदा काहीच नव्हता. उलट हे अहवालात लिहिलं तर मीरा आणखीच खोलात जाणार होती.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा चालू होती. फादर प्रवचनात म्हणाले, आता कोणी विचारेल, देवानं हे का होऊ दिलं? आग्नेसच्या हातातला जपमाळेचा मणी तिथंच थांबला. गठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. वरचा खाली आणि खालचा वर. हे शब्द तिनं जुलैतच स्वतःच्या हातानं लिहून घेतले होते, आणि तेव्हा ही गोष्ट मीराशिवाय जगात कोणालाही ठाऊक नव्हती.

कोणालाही म्हणजे, ज्यानं वरच्या फळीवर हात घातला तो एक सोडून.

६

तिनं आधी सरांचाच पूर्वपक्ष मांडला, अगदी त्यांनी शिकवला तसा भक्कम. बुद्धिमान माणसाला नुसत्या कल्पनेनंही अशी शंका सुचू शकते. ज्याच्या घरात विद्यार्थी जेवून मोठे झाले, तो विद्यार्थ्यांचे पेपर चोरेल कशाला? आणि त्यांचा मुद्दा बिनतोड होता: डोळे असलेला माणूस चुकेल कसा?

तिथंच ती अडली. तो मुद्दा सगळ्यांना लागू होता. हंसाला, परेशला, मीराला. डोळे असलेल्या सगळ्यांना.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. खाकरल्याशिवाय न आलेलं ‘या’. बाजारात न दिलेली ओळख. चौकटीला लावलेला हात. पोरांकडून वाचून घेणं. नीट बघून सांगा म्हणणं, आणि नीतिशास्त्राचाच गठ्ठा गेला हे ऐकल्यावर बाकावर बसणं. चोरी झाल्यामुळे नेमकं काय बदललं, हा साधा प्रश्न तिनं इतक्या महिन्यांत विचारलाच नव्हता. बदललं एवढंच, की न्यायदर्शनाचा गठ्ठा मुंबईला गेला आणि पाध्येसरांना तो तपासावा लागला नाही. नियम त्यांना पाठ होता. चुकीचा गठ्ठा हाती येऊनही काम झालं होतं.

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. ती नुसती बघत राहिली आणि बघताना तिला रडू यायचं. इग्नेशियसला तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला की सर गेले तर तुमचा विभागही जाईल, हे ध्यानात आहे ना. ध्यानात होतं. प्रोफेसर दर्जाचा विभागप्रमुख नसेल तर विभाग बंद, असं विद्यापीठानं दोनदा बजावलेलं होतं. त्यात तिची स्वतःची खुर्चीही होती. पण दुसऱ्या पारड्यात मीराचं सगळं आयुष्य होतं.

तरीही खात्रीशिवाय बोट दाखवायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. समिती यायच्या आदल्या दिवशी सकाळी ती टाईप केलेला अहवाल घेऊन सरांच्या खोलीत गेली. मीराला तिनं बाहेर हंसाच्या टेबलाशी बसवून ठेवलं होतं.

“सर, अहवाल. वाचून सही करा.”

सरांनी कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला. ओळींवरून वाचल्यासारखी हळूहळू मान फिरवली. आग्नेस श्वास रोखून बघत होती. शेवटी ते हसले आणि म्हणाले, भाषा नेहमीसारखीच नेटकी आहे. मग बोटानं कागदाची कड चाचपून त्यांनी सही केली.

सही मजकुरावरच झाली. कागदावर एकच वाक्य होतं: ‘गठ्ठा विभागप्रमुख श्रीरंग पाध्ये यांनी नेला.’

७

ते वाक्य आग्नेसनं त्यांना वाचून दाखवलं. असं काही वाचताना आपला आवाज इतका सरळ निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

सरांनी काही नाकारलं नाही. कसं कळलं, एवढंच विचारलं. तिनं सांगितलं. तुमचा निष्कर्ष खोटा होता, सर, पण सगळ्यांत भक्कम शंका लपवणं तुम्हाला जमलं नाही. खोटं बोलतानाही तुम्ही पद्धत सोडली नाहीत. हे म्हणताना, त्या क्षणीही तिला त्यांचा अभिमानच वाटत होता आणि त्याची तिला लाज वाटत होती.

डोळे तीन वर्षांपासून जात होते. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. आता उजेड कळायचा, माणसांच्या सावल्या कळायच्या, अक्षर अजिबात नाही. बोभाटा झाला असता तर सक्तीची निवृत्ती, आणि विभागाला टाळं. दोन वर्षं सुधाकाकू रोज संध्याकाळी एकेक उत्तरपत्रिका मोठ्यानं वाचायच्या, सर गुण सांगायचे, त्या मांडायच्या. तिसऱ्या वर्षी काकू नव्हत्या.

पंचनाम्यानंतर पिशवीतून नेलेला गठ्ठा अजून त्यांच्या घरी होता, काकूंच्या कपाटात, साड्यांखाली. पोरांनी लिहिलेलं जाळायचं धाडस झालं नाही, आणि परत ठेवायला गेले तोवर कपाटाला नवं कुलूप लागलं होतं.

आग्नेसनं दार उघडून मीराला आत बोलावलं. तिनं सगळं ऐकलंच होतं. त्या खोल्यांच्या भिंती प्लायच्या होत्या. ती टेबलासमोर येऊन उभी राहिली. सरांनी तिच्या पावलांकडे तोंड वळवलं.

“मीरा, तुझ्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं. संशय सगळ्यांत वाटला जाईल, कोणावरच सिद्ध होणार नाही, अशी माझी समजूत होती. आता कोणी म्हणेल, की आळ आला तेव्हा तरी—”

“कोणी नाही, सर,” मीरा म्हणाली. “मी म्हणतेय.”

खाली गोदामात केळीचे घड उतरवत होते, त्या माणसांच्या हाका वर येत होत्या. आयुष्यात प्रथमच सरांपाशी दुसरी बाजू नव्हती.

“घाबरलो,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर त्यांनी स्वतःच गठ्ठा ठेवला. सील जसंच्या तसं होतं. बोलणं त्यांनी लांबवलं नाही, बचावही केला नाही. एका सदस्यानं आजारपणाचं निमित्त देऊन त्यांना सावरून घ्यायचा प्रयत्न केला, तर त्यांनी त्याला थांबवलं आणि सांगितलं की आजार डोळ्यांचा होता, या मुलीला वर्षभर चोर म्हणवून घ्यायला लावलं ते डोळ्यांनी नव्हे. समितीनं मीराला निर्दोष ठरवलं. तिचा वर्षाचा पगार, पुनर्नियुक्ती, सगळं मान्य झालं. फलकावरची सूचना त्यांच्यासमोर काढायला लावली गेली. हंसानं ती काढली, आणि एवढ्या जोरात ओढली की फलकाचा कापडी तुकडाही सोबत आला. सरांवर कारवाई होणार होती. विभाग जूनमध्ये बंद होणार, हेही त्याच दमात सांगण्यात आलं. मीराला मुंबईत नेमणूक, आग्नेसला पालघरच्या कॉलेजात.

मंडळी जीपमधून गेली. सर खोलीत आपल्या खुर्चीवर बसून होते. आग्नेस त्यांना घरी सोडायला थांबली होती. तेवढ्यात मीरा दारात आली. खाकरली नाही, नावच सांगितलं.

“सर, मी मीरा.”

त्यांनी मान वर केली. तिला खूप काही बोलायचं असावं. वर्षभराचं साचलेलं होतं, आणि तिला तो हक्कही होता. आग्नेसनं मनाची तयारी केली.

“मी शेजारच्याच खोलीत बसत होते, सर,” मीरा म्हणाली. “काकू गेल्या त्याआधीपासून. मला एक हाक मारली असतीत, तर मी वाचून दाखवलं असतं. कोणाला कळूही दिलं नसतं.”

पाध्येसरांच्या त्या काही न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मीरा थोडा वेळ उभी राहिली. मग पर्स खांद्याला लावून ती जिना उतरली, आणि आग्नेस खुर्ची ओढून सरांच्या शेजारी बसली.